डाव्या टोकाला एक हात जागा

बसा टेकून. लाईट काय इतक्यात यायची न्हाय, आन् कंदिलात रॉकेल हाय तवर मला बी झोप न्हाय. वरकुट्याच्या दादासोचं सांगतो. हसू आलं तर हसा, पर मधीच उठून जाऊ नका. मागं एकजण असाच उठून गेला, घरी पोचला, पर वाटंत चपला कुठं सोडल्या ते त्येला आजून सांगता येत न्हाय.

तर दादासो त्या दिवशी निघाला हुता बापाच्या पलटणीतल्या गंगारामआबाला पेढं द्याय. निमगाव केतकीच्या बाजारातनं अर्धा किलो पेढं घेतलं, स्प्लेंडरच्या हँडलाला पिशवी अडकवली आन् निरवांगीचा रस्ता धरला. पोरगी सुट्टीवर यायची हुती. उत्कर्षा. लेफ्टनंट झालेली, खांद्यावर दोन तारं. ह्या घराण्यात पणजा शिपाई, आज्जा जमादार, बाप आप्पासाहेब सुभेदार, आन् दादासो सतरा वर्सं नोकरी करून नाईक. दंडावर दोन फिती, त्या बी धुऊन धुऊन पिवळ्या पडलेल्या. गावात त्येला कोण नाईक म्हणतच न्हाय. सुभेदाराचा दादासो म्हणत्यात. आन् आता लेफ्टनंटचा बाप म्हणाय लागलं हुतं. चहाच्या हॉटेलावर तर लोकांनी पैज लावलेली, की पोरगी आधी बापाच्या पाया पडती का बाप आधी सलाम ठोकतो. दादासोनं चहा अर्धा सोडला आन् उठला. आधीच वैतागलेलं माणूस.

वैतागाचं कारण निराळंच हुतं. घरातली गिनती.

मिल्ट्रीत रोज सांजच्याला माणसं मोजत्यात, तिला गिनती म्हणायचं. आप्पासाहेब पेन्शनीवर आलं तरी त्यांनी ती सवय सोडली न्हाय. दिवेलागणीला घरातली सगळी अंगणात यायची, उंचीपरमानं रांग लावायची, उजवीकडनं एक, दो, तीन म्हणत नंबर द्यायचं. मग सुभेदार उत्तरंला तोंड करून, घर ऐकंल अशा आवाजात म्हणायचं, सब हाजिर. त्येच्यानंतर चूल, त्येच्यानंतर टीव्ही. पाव्हणं आलं तर पाव्हणं बी रांगंत.

आन् एक रीत आणखी हुती. रांगंच्या डाव्या टोकाला एक हात जागा मोकळी सोडायची. का, ते कुणी इचारलं न्हाय. ऋषिराज, दादासोचं पोरगं, लहान असताना एकदा खेळता खेळता त्या जागंत जाऊन उभं राहिलं. आप्पासाहेबांनी नातवाला उभ्या जन्मात तेवढी एकच थोबाडीत मारली. मग आत जाऊन स्वताच रडत बसलं.

सहा वर्सांमागं आप्पासाहेब गेलं. जाताना दादासोला म्हणालं, गिनती मोडू नको, आन् काय इचारावं वाटलं तर निरवांगीच्या गंगारामाला इचार.

तेराव्याला पाव्हणंरावळं गेलं. चौदाव्या दिवशी सांजच्याला दादासोनं पयल्यांदा गिनती घेतली. जन्मात पयल्यांदा त्येच्या हुकमात माणसं आली, ती बी तीन. बायकू मुक्ताबाई, ऋषिराज आन् उत्कर्षा. एक, दो, तीन झालं. आन् डाव्या टोकाच्या मोकळ्या जागंतनं आवाज आला.

"चार."

तरणा आवाज. वाईच नाकातला, आन् तळाशी हसू दाबलेलं.

दादासोला वाटलं, ऋषिराजची मस्ती. त्येला तितंच बडवला. दुसऱ्या दिवशी परत चार. बाकी कुणालाच ऐकू येत नव्हतं. जो रांगंसमोर उभा, त्येलाच. बारामतीला जाऊन कान दाखवलं. डॉक्टरनं मळ काढला, म्हणाला आता तुमाला मुंगी चाललेली ऐकू यील. मुंगी न्हाय आली, चार मातूर आणखी खणखणीत ऐकू यायला लागलं. मग दादासोनं डोस्कं लढवलं आन् त्या जागंत म्हस बांधली. बघू आता कुठं उभा राहतोस. म्हशीनं दावं तोडलं, कालव्याच्या पुलापतुर पळाली आन् आठ दिस दुधाला आटली. मुक्ताबाई त्यावरनं जे बोलली ते सांगत न्हाय.

मग त्येनं गिनतीच बंद करून बघितली. त्या सांजंला कोण बोललं न्हाय, कोण दिसलं न्हाय. खाटंवर पडल्यावर मातूर अंगणातनं आवाज यायला लागला. लई वेळ उभं राहिल्यावर माणूस पाय बदलतंय न्हवं, ह्या पायावरचा भार त्या पायावर, तसा. खस्स... मग थांबलं. मग खस्स. पहाटंपतुर. दुसऱ्या दिवशी गिनती चालू.

मधल्या काळात उत्कर्षा शिकाय गेली, ऋषिराजचं लगीन झालं, रांगंत सून सुकन्या आली. रांग तिघांचीच राहिली आन् आवाज चारच यायचं. सहा वर्सं दादासो रोज उत्तरंला तोंड करून सब हाजिर म्हणायचा. आपण खोटं बोलतोय का खरं, हेच कळंना. ऋषिराज मोबाईल बघत नंबर द्यायचा, मुक्ताबाई म्हणायची आटपा, भाकरी करपतीय. धा वेळा निरवांगीला जाऊन गंगारामाला इचारलं. पर त्यो म्हातारा म्हंजी नकल्या. कंडक्टरची नक्कल करणार, सरपंचाची करणार, आप्पासाहेबांच्या खोकल्याची करणार, आन् इचारलेलं सोडून सगळं बोलणार. मागच्या खेपंला म्हणाला, "दादासो, तिखट कमी खा. कानात आवाज येत्यात."

आज पेढं घिऊन गेला तवा बी तसंच चाललं हुतं. गंगाराम सोप्यात खाटंवर पाय सोडून बसलेला. तोंडात एक दात न्हाय, पर पेढा बघून जीभ पुढं. "या नाईकसाहेब. पोरीला कडक सलाम ठोका बरं का. न्हायतर आरडर काढंल आन् तुमाला बटाटं सोलाय बसवंल."

दादासो म्हणाला, "हसा. आज सांजच्याला तीच गिनती घेणार हाय. वर्दीत. घरात मोठ्या हुद्द्याचं माणूस तीच."

गंगारामाचा पेढा तोंडापाशी थांबला. त्येनं त्यो परत पिशवीत ठिवला. बायकूला, ताईबाईला, आत जाऊन चहा टाक म्हणाला. ती चहा ठिवूनच आली हुती, तरी तिला परत पाठवली.

"तिला समोर उभी करू नको," गंगाराम म्हणाला.

मग त्यो बोलाय लागला. नकला न्हाय, काय न्हाय. दादासोनं त्येचा खरा आवाज बहुतेक त्याच दिवशी पयल्यांदा ऐकला.

लई वर्सांमागची गोष्ट. बर्फातली चौकी. तीस माणसं. आप्पासाहेब तवा हवालदार, पुढच्या बढतीवर नाव लागलेलं. त्यांची एकच घमेंड, माझ्या हाताखालचं माणूस कधी गिनतीत कमी पडलं न्हाय. भानुदास पाचपुते म्हणून एक लान्सनाईक हुता, लांबचा, परभणीकडचा. त्येची बायकू बाळंत व्हायची हुती. दुपारी निरोप आला, खालच्या चौकीवर तुझी चिठ्ठी आलीय. भानुदासानं आप्पासाहेबांच्या मागं लकडा लावला. जातो आन् गिनतीच्या आत येतो. आप्पासाहेबांनी कागदावर न्हाय, नुसत्या मानंनं जा म्हणून सांगितलं. भानुदासाला वाचाय येत नव्हतं. जाताना गंगारामाला म्हणाला, आल्यावर वाचून दाव, पोरगं हाय का पोरगी.

सांजंला गिनती लागली. भानुदास आला नव्हता. समोर साहेब उभा. रांगंत तीस नंबर भानुदासाचा, डाव्या टोकाला. गंगाराम एकोणतीस.

"मला गंमत वाटली रं," गंगाराम म्हणाला. "म्हणलं त्यो मागनं यीलच. गड्याची नालस्ती कशाला. मी माझा नंबर दिला, आन् मान खाली घालून, नाकातनं, त्येचा बी दिला. मधी हसू आलं ते दाबलं. अंधारून आलेलं, टोप्या डोळ्यापतुर वढलेल्या. साहेबाला काय कळतंय. पर तुझ्या बापाला कळलं. त्येनं माझ्याकडं बघितलं. मग साहेबाकडं वळला आन् म्हणाला, सब हाजिर."

सब हाजिर म्हणल्यावर शोधाय कोण जाणार. रातभर बर्फ पडला. दुसऱ्या दिवशी, खालच्या चौकीतनं परतताना घसरला, असं कागदावर लिवलं. बर्फ वितळल्यावर भानुदास गावला. चौकीच्या उत्तरंला, दोनशे पावलांवर. दिवा दिसंल इतक्या जवळ. मुठीत चिठ्ठी, पर शाई सगळी इरून गेलेली. पोरगं का पोरगी, कुणालाच कळलं न्हाय. आप्पासाहेबांना बढती मिळाली.

दादासोनं इचारलं, "नंबर... कसा दिला हुता तुमी?"

गंगारामानं डोळं मिटलं. मान खाली घातली. आन् त्या बोळक्या तोंडातनं, वीस-बावीस वर्सांच्या पोराचा, वाईच नाकातला आवाज आला, तळाशी हसू दाबलेलं.

"तीस."

त्योच. सहा वर्सं रोज ऐकलेला, त्योच.

"पर आबा... तुमी तर हितं असता."

"मी हितंच असतो. सांजच्याला गोळी घिऊन पडतो." म्हाताऱ्यानं तोंड पुसलं. "तुझ्या अंगणात भानुदास येत न्हाय, दादासो. माझी थाप येऊन उभी राहती त्येच्या जागी. भानुदास आजून भाईरच हाय. आप्पासाहेबाला हे ठावं हुतं. रोज ऐकायचा आन् रोज तेच बोलायचा. त्येला दुसरं बोलता आलं न्हाय."

चहा आला. दोघांनी बी घेतला न्हाय.

परत येताना दादासोनं एकच ठरवलं. आजपासनं गिनती बंद. पाय बदलत उभा राहूंदे पहाटंपतुर, आपण उघड्या डोळ्यांनी पडून राहू. धा दिसांनी पोरीला तीस माणसांचं काम बघायचंय, लांब, वर, थंडीत. तिच्या मागं ही पीडा जाता कामा नये.

घरी आला तर उत्कर्षा पोचलेली. ऋषिराज तिला इंदापूरच्या स्टँडावरनं घिऊन आला हुता. ती वाकली, बापाच्या पाया पडली. हॉटेलातली अर्धी पैज तिथंच फिटली. आन् मग आत जाऊन वर्दी घालून भाईर आली. कडक इस्त्री, दोन तारं. दादासोचा हात आपसूक वर चालला हुता, त्येनं त्यो खिशात घातला.

म्हणाला, आज गिनती न्हाय. उद्या बी न्हाय. ती रीत मोडली.

मुक्ताबाई गार झाली. ऋषिराज म्हणाला, इतकी वर्सं आमाला उभं केलं आन् आज तिच्या येळंला मोडली का? सुकन्यानं तोंडाला पदर लावला. उत्कर्षा बापाकडं बघत राहिली. ल्हानपणापासनं तिनं ह्या एका सांजंची वाट बघितली हुती. मग हळूच म्हणाली,

"आण्णा, माझ्यासमोर उभं राहाय कमीपणा वाटतो का तुमाला?"

आता ह्येला काय म्हणायचं, सांगा. सांगावं तर येडा म्हणतील, न सांगावं तर पोरीच्या मनात बाप जळकुटा. दादासोनं कपाळावर हात मारला न्हाय एवढंच. सहा वर्सं कुणी त्येचं ऐकलं नव्हतं आन् आज ऐकायला पायजे तर तोंड उघडंना. रागाच्या भरात त्यो अंगणात उतरला आन् वरडला, "लाईन बन."

सूर्य बुडालेला. कालव्याकडनं वाऱ्याची गार झुळूक आली, तिला तुटल्या उसाचा आंबूस वास. शेजारच्या मळ्यात मोटर बंद झाली आन् एकदम शांत झालं. ऋषिराज, सुकन्या, मुक्ताबाई उभी राहिली. डाव्या टोकाला एक हात जागा. समोर उत्कर्षा. आन् रांगंच्या पुढं, तिच्याकडं पाठ करून, दादासो. गिनती घेऊन साहेबाला सांगायचं काम त्येचं. बरोबर बापाच्या जागी, बापाच्याच पायावर उभा हाय, हे त्येला तवा उमजलं.

"गिनती कर."

"एक."

"दो."

"तीन," मुक्ताबाई म्हणाली, आन् चुलीकडं बघितलं.

"चार."

दादासोच्या मानंवर काटा आला. पर त्यो रोजचाच. त्येनं सावकाश वळून पोरीकडं बघितलं. उत्कर्षाची नजर त्येच्या खांद्यावरनं पल्याड, डाव्या टोकाला लागलेली. तोंड सरळ, पापणी हलंना. तिला ऐकू आलं हुतं.

आता तिला नुसतं सब हाजिर म्हणायचं. दोन शब्द. भाकरी करपायच्या आत सगळी आत जातील, पोरगी धा दिसांनी जाईल, आन् तितं, वर, रोज सांजंला तिच्या रांगंत एक आवाज जादा यील. ती बी मग उत्तरंला तोंड करून बोलंल. चाळीस वर्सं. आप्पासाहेबावानी.

दादासोनं टाच जुळवली. सलाम ठोकला. उरलेली अर्धी पैज बी फिटली, पर बघाय हॉटेलातलं कोण नव्हतं.

"एक कम हाय, साहेब."

ऋषिराज फिस्सकन हसला. उत्कर्षा हसली न्हाय.

"कोण?" तिनं इचारलं. आवाज एकदम खाली.

"लान्सनाईक भानुदास पाचपुते. गिनतीच्या आत येतो म्हणून गेला हुता... आला न्हाय."

रांगंच्या डाव्या टोकाला कुणीतरी भार बदलला. खस्स. आता मुक्ताबाईला बी ऐकू आलं, कारण ती सुकन्याला चिकटली.

"कुणीकडं?"

"उत्तरंला. दोनशे पावलं."

ती का, कसं, काय म्हणून खोदत बसली न्हाय. माणूस कमी म्हणल्यावर पयलं काय करायचं हे तिला शिकवलेलं, आन् तिनं ते केलं. ऋषिराजला बॅटरी आण म्हणाली. आई आन् वैनीला दिवा लावून अंगणातच थांबा म्हणाली, लांबनं दिसला पायजे. आन् निघाली. मागं दादासो. त्येच्या मागं ऋषिराज, त्येचं हसू कुठल्या कुठं.

उत्तरंला ऊस. अर्धा तुटलेला, अर्धा उभा. उत्कर्षा पावलं मोजत चालली. पाचट पायाखाली कुरकुर वाजत हुतं. शंभरापतुर वाजलं. दीडशेच्या पुढं वाजायचं थांबलं. पाय पडतोय, पर आवाज निराळा. मऊ, दबल्यावानी. दादासोनं खाली बघायचं टाळलं. बॅटरीच्या उजेडात तिघांच्या तोंडातनं वाफ निघाय लागली. थंडी पडती आपल्याकडं, पर वाफ निघावी एवढी कधी पडलीय?

दोनशे.

समोर काय न्हाय. नुसता ऊस, आन् पानं अजिबात हलंनात. उत्कर्षानं बॅटरी बंद केली. अंधारात ती बोलली, दमात न्हाय, घरातल्या माणसाला जेवाय उठवावं तसं.

"पाचपुते. गिनती झाली. तुमी कमी पडला. घ्याय आलोय... चला."

लई येळ काय झालं न्हाय. मग उसात, हाताच्या अंतरावर, कुणीतरी श्वास सोडला.

"मागं बघू नका आण्णा," उत्कर्षा म्हणाली. "दिव्याकडं बघा. चालत राहा."

आली. जाताना तीन जोड पावलं हुती. येताना दादासोनं मोजली न्हाईत. त्येनं नुसता अंगणातला दिवा बघितला, आन् दिवा खरंच लई जवळ हुता.

अंगणात परत गिनती घेतली. एक, दो, तीन. दादासो कान टवकारून उभा राहिला. काय न्हाय. रातकिडा तेवढा. त्येनं सलाम केला, म्हणाला, सब हाजिर, आन् सहा वर्सांत पयल्यांदा ते खरं वाटलं. मुक्ताबाई म्हणाली, भाकरी करपली. दादासोनं ती करपलेली भाकरी अशी खाल्ली की सून बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी त्येनं गंगारामाला फोन केला, सगळं सांगितलं. म्हातारा म्हणाला, "रातीपासनं नक्कल कराय बघतोय. जमंना. कुणाचीच जमंना." आन् फोन ठिवला.

पुढचं धा दिस बेस गेलं. पोरगी ड्यूटीवर गेली. दादासो हॉटेलात पाय वर घिऊन बसाय लागला. कुणी नाईकसाहेब म्हणलं तर व्हय म्हणाय लागला.

तीन आठवड्यांनी, सांजच्याला, गिनती उरकल्यावर तिचा फोन आला. मागं वाऱ्याचा आवाज. जेवला का, आईचं गुडघं काय म्हणत्यात, म्हस व्याली का. सगळं इचारून झालं.

"गिनती बरोबर येती न्हवं?" दादासोनं इचारलं.

"बरोबर येती. तीसच्या तीस. कवाच चुकत न्हाय." परत वारा. "आण्णा, गंगारामआबांना एक इचारा. त्या पाचपुत्यांच्या घरी... पोरगा झाला हुता का पोरगी?"

दादासोला गंगारामाचं बोलणं आठवलं. परभणीकडचं कुठलं गाव, ती बाई पुढं कुठं गेली, कुणी कधी इचारलं नव्हतं. ते गंगारामाला बी ठावं नव्हतं, आन् दुसरं सांगणारं कोण उरलं नव्हतं.

"ते कुणालाच ठावं न्हाय, बाय. तुला कशाला पायजे?"

तिकडं उत्कर्षानं फोनवर हात ठिवल्यासारखं वाटलं. ती कुणालातरी हळूच म्हणाली, जरा थांबा. मग परत फोनवर आली.

"तुमी इचारून तर बघा आण्णा. मी त्यांना सांगते म्हणलंय."